टीडीएस ६२ आणि मशीन १८ हजारांचं

मे संपत आला की पाण्याची पत्रं यायला लागतात. यंदा पिण्याच्या पाण्याबरोबर स्विमिंग पूलचेही प्रश्न आलेत, कोकणात होमस्टे वाढलेत त्याचा हा पुरावाच म्हणायचा. जवळजवळ सगळ्यांनी "कुठलं मशीन घेऊ" असंच विचारलंय आणि पाण्याचा रिपोर्ट मात्र एकानेही जोडलेला नाही. बावीस वर्षं पाणी तपासण्याच्या कामात काढली असल्यामुळे मला हे बघून जरा चिडचिड होते, तेव्हा उत्तरात कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आमची विहीर परसात आहे, चिऱ्याने बांधलेली, आजेसासऱ्यांच्या वेळची. गेल्या आठवड्यात एक विक्रेता आला. त्याने एका ग्लासात आमचं पाणी आणि दुसऱ्यात स्वतःच्या मशीनचं पाणी घेतलं, दोन्हीत धातूच्या दांड्या सोडून वायर प्लगला लावली आणि दोनच मिनिटांत आमचं पाणी काळपट-तपकिरी झालं, वर घाण साय आली. त्याच्या पाण्याला काहीच झालं नाही. सासूबाई इतक्या घाबरल्या की त्या दिवसापासून शेजारून पाणी आणतात. मशीन आरओचं आहे, किंमत १८ हजार. त्याच्याच मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस ६२ आला होता. घ्यावं का? – दापोली

उत्तर : नका घेऊ. आणि सासूबाईंना सांगा की त्या ग्लासातली घाण विहिरीची नव्हती, दांडीची होती.

होतं काय, की पाण्यात थोडेफार क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते आणि ते झिजलेलं लोखंड गंजाच्या रंगाने पाण्यात उतरतं. आरओ मशीन पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळतं, त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी तसंच स्वच्छ दिसतं. तो माणूस परत आला ना, तर त्याच्या त्या 'शुद्ध' ग्लासात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाका, ढवळा आणि म्हणा आता लावा वायर. मीठ तर आपण रोज खातो, तरी ते पाणी तुमच्या विहिरीपेक्षा घाण होईल. वायरला हात मात्र तुम्ही लावू नका, तो उद्योग त्यालाच करू दे.

आता ६२ चा अर्थ. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात ५०० पर्यंत पाणी चांगलं धरलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं ६२! कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभा धुऊन धुऊन त्यातले विरघळणारे क्षार कधीच समुद्राला गेलेत, म्हणून आपल्या विहिरींचं पाणी मऊ असतं, डाळ पटकन शिजते नि साबणाला भरपूर फेस येतो. त्या ६२ चे आरओ पाच-सहा करणार आणि एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणार. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरूच देऊ नका असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं ते उगाच नाही.

पण थांबा, ६२ आलं म्हणजे पाणी निर्धोक झालं असंही नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत. संडासाच्या शोषखड्ड्यातलं पाणी झिरपून विहिरीत आलं तरी तो आकडा जेमतेम हलेल. आणि जांभा हा भोकाभोकांचा दगड, पावसात त्यातून पाणी सरळ धावतं, मातीत जसं हळूहळू गाळून उतरतं तसं इथे होत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा म्हणतात, जांभ्यात मी त्याच्या दुप्पट तरी सांगेन, आणि खड्डा चढाला नि विहीर उताराला असेल तर त्याहून जास्त. तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, खरं तर तेच पहिल्यांदा लिहायला हवं होतं.

म्हणून पहिला चांगला पाऊस होऊन गेला की पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे जंतू ओळखायची एचटूएसची छोटी बाटली मिळते का विचारा, त्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. नाहीतर भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत द्या, पण जंतूंच्या तपासणीला बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली आणा, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही. अशा बाटल्या किती परत पाठवल्यात त्याला गणती नाही.

रिपोर्ट खराब आला तर आधी ५ मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर आणि त्याच्या मागे यूएफ किंवा यूव्ही, बस. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, पण पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणाआड लपतात नि प्रकाश पोचत नाही, शिवाय वीज लागते आणि जून-जुलैत आपल्याकडे वीज किती असते ते तुम्हाला माहितीये. यूएफ म्हणजे बारीक पोकळ धाग्यांची गाळणी, पाणी वरच्या टाकीतून आपोआप उतरतं, विजेचा संबंध नाही. बॅक्टेरिया अडवते, सगळे व्हायरस मात्र अडवेलच असं नाही, म्हणून घरात कावीळ-जुलाबाची साथ असेल तेव्हा गाळलेलं पाणी उकळायचंच. तुमच्यासाठी मी यूएफ घेईन. यूव्ही घेतलाच तर दिवा वर्षाने बदला, तो पेटलेला दिसतो म्हणजे काम करतोय असं नसतं, जोर आधीच उतरलेला असतो.

प्रश्न : आमचं घर खाडीला लागून आहे. ऑगस्टमध्ये टीडीएस १८० असतो आणि मेमध्ये १४००, चहा खारट लागतो. उकळून, कापडाने गाळून, तुरटी फिरवून सगळं झालं. – आचरा

उत्तर : यातल्या कशानेही मीठ जात नाही. उकळलं की उलट वाढतं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ भांड्यातच राहतं.

तुमच्या विहिरीखाली काय चाललंय ते समजून घ्या. समुद्राचं पाणी जड, पावसाचं हलकं, म्हणून गोडं पाणी खाऱ्याच्या डोक्यावर तरंगत असतं. हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. म्हणजे उपसा करून वरचं एक फूट घालवलंत की खालून खारं चाळीस फूट वर यायला बघतं! मेमध्ये मोठा पंप लावून तासाभरात टाकी भरून घ्यायची सवय असेल तर ती आधी सोडा. लहान पंप, थोडं थोडं पाणी, दिवसातून तीन-चारदा. त्यानेच फरक पडलेला मी पाहिलाय. आणि कुणी "बोअर अजून खोल मारू" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, तोच खारट चहा.

तुम्हाला आरओ घ्यायला माझी ना नाही, हे त्याचंच काम आहे. १४०० चे शे-दीडशे होतील. वाया जाणारं पाणी मात्र आता फारच खारट असणार, ते माडाला एकवेळ चालेल पण भाजीच्या वाफ्यात सोडू नका, फरशी नि संडास धुवायला वापरा. दुसरं, तुम्हाला हे मशीन वर्षातले तीन-चार महिनेच लागणार आणि नंतर ते बंद पडून राहिलं की मेम्ब्रेन, म्हणजे आतला तो गाळायचा पडदा, वाळून कामातून जातं किंवा आत शेवाळी वास धरतं. पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवा. एवढी कटकट नको असेल तर दोन महिने पिण्यापुरतं पाणी वाडीतल्या वरच्या विहिरीवरून आणा, दिवसाला वीस लिटर कॅन एका घराला पुरतो. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

प्रश्न : स्टीलचा कँडल फिल्टर आहे, दिवसभरात एक तांब्या पाणी गळतं. कँडल साबणाने घासली तर चालेल का? – वेंगुर्ला

उत्तर : साबण अजिबात नको, तो छिद्रांत बसतो आणि मग आठ दिवस पाण्याला वास. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने किंवा काथ्याच्या चोथ्याने हलक्या हाताने घासा, तपकिरी थर गेला आणि खालचा पांढरा भाग दिसला की थांबा. साधी मातीची कँडल असेल तर पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळा, आत कोळसा भरलेली असेल तर उकळू नका. मग ओल्या कँडलवर बोटाने टिचकी मारा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. चिरलेली कँडल पाणी भराभर देते आणि लोक खूश होतात की बघा कशी साफ झाली! अचानक वेग वाढला तर संशय घ्या. घासून घासून बारीक झालेली कँडलही बदलायची.

प्रश्न : बोअरचं पाणी काढताना काचेसारखं, संध्याकाळपर्यंत बादलीच्या तळाला लाल गाळ आणि वर पेट्रोलसारखा इंद्रधनुषी तवंग. शेजारी म्हणतात खाली तेल लागलंय. पांढरे कपडे तर विचारूच नका. – राजापूर

उत्तर : तेल लागलं असतं तर मला पत्र कशाला लिहिलं असतंत, कंपन्याच दारात आल्या असत्या.

एक काडी घ्या आणि तो तवंग मधोमध मोडा. तेलाचा असेल तर काडी काढल्याबरोबर परत जुळून येतो. लोहाचा असेल तर खापरीसारखे तुकडे होतात आणि तसेच अलग तरंगत राहतात. तुमचे तुकडे होणार, पैजेवर सांगते. हे लोह आहे आणि सोबत लोहावर जगणारे बॅक्टेरिया, टाकीच्या आतल्या भिंतीला हात लावून बघा, बुळबुळीत लालसर लागेल. माणसाला यांच्यापासून मोठा धोका नाही, पण पाइप तुंबवतात आणि वास आणतात. लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी कपड्या-भांड्यांवर डाग पडायला लागतात.

जमिनीखाली हवा नसते तोवर लोह विरघळलेलं असतं, म्हणून पाणी काचेसारखं दिसतं. हवा लागली की गंजतं आणि खाली बसतं. म्हणजे उपाय तुमच्या बादलीनेच तुम्हाला दाखवलाय, तोच मोठ्या प्रमाणावर करायचा. टाकीत येणाऱ्या पाइपच्या तोंडाला भोकं पाडलेला पीव्हीसीचा आडवा पाइप लावा, पाणी उंचावरून शॉवरसारखं पडू दे, पहिली टाकी रात्रभर निवू दे, तळापासून वीतभर वरच्या नळीतून पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि मधे वाळूचा फिल्टर. पहिल्या टाकीच्या तळाला गाळ सोडायचा नळ हवाच, तो विसरलात तर दर महिन्याला कुणालातरी आत उतरवावं लागेल. हे सगळं न करता थेट आरओ बसवलात तर मेम्ब्रेन काही महिन्यांत लाल होऊन बसेल आणि कंपनीचा माणूस म्हणेल पाणीच खराब. यावेळी तो खरं बोलत असेल.

कपड्यांना ब्लीचिंग लावू नका, डाग आणखी पक्का होतो. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवा.

प्रश्न : ताई, इमर्जन्सी आहे. होमस्टेला नवीन पूल बांधलाय, २० बाय १० फूट, खोली ४. बोअरच्या पाण्याने भरला, निळंशार दिसत होतं. शुक्रवारी रात्री क्लोरीन टाकलं आणि शनिवारी सकाळी पूर्ण पूल चहाच्या रंगाचा! गेस्ट गाडीतून उतरत होते. पूलवाल्याने शेवाळं म्हणून औषध टाकलं, मग ॲसिड टाकलं, थोडं निवळलं, परत क्लोरीन टाकल्यावर परत चहा. वाळूचा फिल्टर आहे, त्यातली वाळू पण बदलू का, आमच्याकडे किनाऱ्याची फुकट आहे. – गुहागर

उत्तर : राजापूरवाल्यांचं उत्तर आधी वाचा, तुमचं दुखणं तेच आहे, फक्त बादली साडेबावीस हजार लिटरची आहे. शेवाळं एका रात्रीत पाणी चहासारखं करत नाही. क्लोरीनने लोहाला एका झटक्यात गंजवलं. ॲसिडने गंज परत विरघळला म्हणून निवळल्यासारखं वाटलं, पुढच्या क्लोरीनला परत वर आला. असं तुम्ही दिवाळीपर्यंत खेळू शकता.

असं करा. दोन दिवस बुकिंग घेऊ नका. पीएच तपासून ७.४ ते ७.६ वर आणा. मग खायचा सोडा टाका, कारण आपलं पाणी मऊ, त्यात अल्कलिनिटी म्हणजे पीएचला धरून ठेवणारी ताकदच नसते आणि पुढे जी तुरटी टाकायची ती असलेली नसलेली ताकदही खाते. हजार लिटरला १७ ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी लिटरला १० मिलिग्रॅमने वाढते, पुलासाठी ती ८० ते १२० हवी. तुम्हाला ५० ने वाढवायची असेल तर साधारण १ किलो ९०० ग्रॅम लागेल, एकदम न ओतता दोन-तीन वेळा मिळून. त्यानंतर तुरटी, हजार लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला सव्वा किलोच्या आत, बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडा. वाळूचा फिल्टर यात येऊ देऊ नका, व्हॉल्व्ह 'रीसर्क्युलेट'वर ठेवून पंप तासभर फिरवा आणि मग बंद. रात्रभर कुणी पाण्यात हात घालायचा नाही, पोरांना सांगून ठेवा. सकाळी तळाला तपकिरी गाद्या दिसतील. त्या व्हॅक्यूमने 'वेस्ट'वर काढून बाहेर सोडा, फिल्टरमधून नाही, नाहीतर सगळा गाळ वाळूत जाऊन बसेल. दोन-तीन इंच पाणी जाईल, जाऊ दे. ते भरताना मात्र परत थेट बोअरचा पाइप लावू नका! उघड्या विहिरीचं पाणी घ्या, नाहीतर बोअरचं टाकीत हवेने निवलेलं.

किनाऱ्याची पुळण फिल्टरमध्ये? अहो, नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पीएच बिघडवतो, मीठ असतं आणि बारीक कण खालच्या जाळीतून निसटून परत पुलात येतात. तुमच्या पुलाला खरोखरची चौपाटी होईल. फिल्टरला सारख्या आकाराची सिलिका वाळू लागते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. आणि तुमची तर नवीन आहे, ती पाचेक वर्षं सहज जाते, बदलायची काय गरज?

तिला धुवायचं कसं ते मात्र पूलवाल्याने शिकवलेलं दिसत नाही. फिल्टरवर प्रेशरचं घड्याळ असतं. स्वच्छ फिल्टरला काटा जिथे असेल, समजा १० पीएसआय, तिथे मार्करने रेघ मारा. काटा त्याच्या आठ-दहाने वर गेला की बॅकवॉश. आधी पंप बंद, मगच व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा, चालू पंपावर फिरवलात तर आतलं रबर फाटतं आणि मग कायमच गळतं. 'बॅकवॉश'वर दोन-तीन मिनिटं, काचेच्या नळीत पाणी निवळ दिसेपर्यंत, पंप बंद, 'रिन्स'वर अर्धा-एक मिनिट, पंप बंद, परत 'फिल्टर'. रिन्स विसरलं की वाळूवरची सगळी घाण पहिल्या झटक्यात पुलात येते आणि लोक म्हणतात बॅकवॉशने पाणी खराब झालं. रोज रोजही धुवू नका, किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा बारीक गाळते. फक्त या तुरटीच्या प्रकारानंतर पहिले दोन दिवस काटा भराभर चढेल तेव्हा लक्ष ठेवा. रोज पंप सहा ते आठ तास चालला पाहिजे, गेस्ट नसले तरी.

आणि एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगते. ॲसिड आणि क्लोरीन एका खोलीत ठेवू नका, एकाच मगने काढू नका, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीन पावडर एकत्र केली तर पेटही घेऊ शकते. औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी नाही. आपल्याकडच्या दमट हवेत बंद पंपरूममध्ये हे सगळं एका फळीवर मांडलेलं मी पाहिलंय आणि दारातूनच मागे फिरलेय.

प्रश्न : "आमच्या बावीचा पाणी ग्वाड आसा, तेका मशीन कित्याक व्हया?" असं आई म्हणते. पावसात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की वास येतो म्हणून तेही टाकू देत नाही. – मालवणजवळून

उत्तर : आईंचं पहिलं वाक्य मला पटलं, दुसरं नाही. मशीन नको, पण जून ते सप्टेंबर टीसीएल हवंच.

वास जास्त येतो कारण लोक मूठ मूठ पावडर वरून फेकतात. मोजून टाका. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर २८ हजार लिटर झालं, ताज्या पावडरीचे हजार लिटरला २.५ ग्रॅम धरले तर ७० ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर दुप्पट. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग पाणी वाढवा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा म्हणजे तळापर्यंत मिसळतं. चुना विहिरीत नको. हे संध्याकाळी करा आणि पाणी सकाळी काढा. पिण्याची कळशी भरून फडकं बांधून दोन-चार तास ठेवली की उरलेला वासही कमी होतो. पावडरीची पिशवी उघडी राहिली असेल तर तिच्यात आता नुसता चुनाच उरलाय असं धरा, नवीन आणा. बादली प्लॅस्टिकची घ्या, ॲल्युमिनियमची नको, आणि दोर आईंना एकदा ओढून बघायला सांगा.